जर्मनांनी मोर्चा वळवला, मग घोषणा कोण देत होतं?

प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या मराठी कात्रणांत ‘मोर्चा वळवला’, ‘सैनिक कामी आले’ असे मथळे दिसतात. ‘मोर्चा’ इंग्रजी ‘मार्च’वरून आला म्हणून तो सैन्यालाही लावत होते का? आणि कामी आले म्हणजे नक्की काय झालं?

‘मार्च’चा काही संबंध नाही. हे ‘मार्च’चं पिल्लू कुणी सोडलं कोण जाणे, पण ते मरत नाही. इंग्रजांचा मार्च मराठीत आला तो ‘मार्च’ म्हणूनच आला, महिनाही आणि लाँग मार्चही. त्याचा ‘मोर्चा’ व्हायचं कारण काय? शिवाय मराठी बखरींत मोर्चे लागतात ते किल्ल्यांना, आणि तेव्हा आपल्या फौजेला कुणी इंग्रजीत कवायत शिकवत नव्हतं.

आजच्या अर्थाने तो मथळा वाचला तर मात्र बहार येते. १९४२च्या जुलैत कॉकेशसच्या बाजूला निघालेली हिटलरची चौथी चिलखती फौज महिनाअखेरीस स्टालिनग्राडकडे फिरवली गेली. म्हणजे ‘मोर्चा वळवला’च. आता डोळ्यांपुढे आणा: पुढे फलक, मधे रणगाडे, मागे पाण्याचा टँकर, आणि व्होल्गाकाठच्या कचेरीत निवेदन द्यायला पाच जणांचं शिष्टमंडळ. शिष्टमंडळाचे प्रमुख, म्हणजे स्टालिनग्राडमधल्या जर्मन सहाव्या फौजेचे सेनापती फील्ड मार्शल पाउलुस, ३१ जानेवारी १९४३ला एका डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातून बाहेर आले ते हात वर करून. मागण्या मान्य झाल्या नाहीत.

तर मूळ. फारसीत ‘मूर’ म्हणजे मुंगी आणि ‘चाल’ म्हणजे खड्डा. मूरचाल, मुंगीचं बीळ! मुंग्यांचं बीळ जवळून पाहिलंय का? भोक बारीकसं, आणि भोवती उपसलेल्या मातीचं गोल कडं. वेढा घालणारे नेमकं हेच करतात. खंदक खणायचा, निघालेली माती लांब टाकायची नाही, शत्रूच्या बाजूला रचायची. खड्डा आणि आडोसा एकाच कष्टात तयार होतो. मग मातीच्या बांधात फट ठेवून तोफेचं तोंड बाहेर काढायचं. माती चुकून मागच्या बाजूला पडली तर खड्डा उरतो, मोर्चा होत नाही, आणि आतल्याचं डोकं उघडं पडतं. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ साली वसईला मोर्चे लावले ते या जातीचे. त्यात चालणं कुठेच नाही. उलट मोर्चा म्हणजे एका जागी गाडून घेणं.

‘मोर’पासून व्युत्पत्ती सांगणारा एक पंथ आहे. त्यांच्या हातात मोर्चेल असतं, मोरपिसांचं. त्यांनी ते खुशाल ढाळावं, तोफेला वारा घालायची पद्धत नव्हती. हिंदीत गंजालाही मोरचा म्हणतात तो मात्र या मुंगीच्याच घरातला, फारसी ‘मूरचा’.

मग बसलेला मोर्चा चालायला कसा लागला? माझ्या मते सगळी गोम ‘वर’ या शब्दयोगी अव्ययात आहे. किल्ल्यावर मोर्चा लावला, किल्ल्यावर मोर्चा नेला, आणि पुढे कचेरीवर मोर्चा नेला. किल्ला गेला, कचेरी आली, ‘वर’ तसाच राहिला. आजही लोक कलेक्टर कचेरीकडे जातात, पण मोर्चा कचेरी‘वर’ जातो. मिरवणूक कधी कुणावर जाते का? हा ‘वर’ वेढ्यातला आहे. यावर कोशकारांनी एक ओळ तरी खर्च करायला हवी होती, पण ते ‘१. बुरूज २. मिरवणूक’ असे आकडे टाकून मोकळे होतात. जणू दुसरा अर्थ आभाळातून पडला!

जुना मथळा वाचताना क्रियापद बघावं. बांधला, लावला, उभारला म्हणजे तोफा. काढला म्हणजे माणसं आणि फलक. वळवला म्हणजे रोख बदलला. बांध काही फिरवता येत नाही, तोफ बाहेर काढून दुसऱ्या तोंडाला बसवावी लागते. मथळ्यात जागा कमी म्हणून क्रियापद उडालेलं असेल तर मजकुराच्या पहिल्या ओळीत ते सापडतं.

आणि हल्ली बातम्यांत ‘पोलिसांनी मोर्चा सांभाळला’ ऐकू येतं ते कृपया बंद करा. ते हिंदीतलं ‘मोर्चा संभाला’ आहे, तिकडे मोर्चा म्हणजे अजूनही आघाडीची जागा. मराठीत त्याचा अर्थ पोलिसांनी आंदोलकांची मुलं कडेवर घेतली असा होतो.

लढाईचे बाकीचे शब्द निवडणुकीने आणि खेळाने पळवले. ‘आघाडी कोसळली’ वाचलं की आज घटकपक्षांची बैठक दिसते. ‘रोमेलची माघार’ म्हणजे या जर्मन सेनापतीने ४ नोव्हेंबर १९४२ला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, इजिप्तमधल्या अल अलामेनची उमेदवारी सोडली आणि ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी बिनविरोध आले. ‘दुसरी फळी कापली गेली’ हे तर आता थेट धावफलकाखाली जाईल, आणि ‘चढाई’ करणारा रणगाडा कबड्डी कबड्डी म्हणत मधली रेघ ओलांडेल.

हो, ‘कामी आले’ राहिलंच. कामी येणे, कामास येणे म्हणजे लढाईत मारले जाणे. ‘दोनशे सैनिक कामी आले’ हा मथळा शोकाचा आहे. कुणाच्या उपयोगी पडल्याची ती बातमी नाही, तेव्हा कात्रणाखाली ‘अभिनंदन’ लिहू नका.