वॅक्सिंगनंतर पुळ्या का येतात?

प्रश्न : माझी त्वचा कोरडी आहे. वॅक्सिंगनंतर पायांवर लाल पुळ्या येतात, काही केस आतच वळतात. काय चुकतं?

उत्तर : बहुधा केस फार आखूड असताना वॅक्स लावलं जातं. ते ५-६ मिलिमीटर वाढू द्या. त्याहून लहान केस मध्येच तुटतात आणि कातडीखाली वळतात. वॅक्स केसांच्या दिशेने लावा, पट्टी उलट दिशेने, त्वचेला समांतर ओढा. वर उचलून ओढली की कातडी सोलवटते, कोरडी तर पटकन. त्याच जागी पुन्हा वॅक्स नकोच. उरलेले केस चिमट्याने काढा. नंतर २४ तास गरम पाणी आणि घट्ट कपडे टाळा, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असाल, तर मात्र वॅक्सिंग मुळीच नको. गोळ्या थांबल्यावरही ६ महिने नाही.