‘रागावलास का?’ हा प्रश्न थांबत का नाही?

प्रश्न : वय २६, जुळे सोलापूर. मित्र पुण्यात नोकरीला. मेसेजला उत्तर उशिरा आलं की मी पुन्हा पुन्हा विचारते, ‘रागावलास का?’ तो आता वैतागतो. महिनाभर झोप नाही, जेवण जात नाही. नात्यामुळे नैराश्य आलं, की नैराश्यामुळे नातं बिघडतंय?

उत्तर : दोन्ही. मन खचलं की खात्री हवीशी वाटते. ती मिळते, पण तासाभरात विरते, कारण ‘मी नकोशी आहे’ हा विचार जागचा हलत नाही. मग पुन्हा विचारणं, समोरच्याचं वैतागणं, आणि त्यातून भीती खरी वाटणं. हे चक्र मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी १९७६ मध्ये मांडलं होतं.

विचारावंसं वाटलं की वेळ वहीत लिहा आणि २० मिनिटं थांबा. नुसतं बसू नका, मन तेच दळत राहील. भाकरी थापा, सिद्धेश्वर तलावाकडे चालून या. आठवड्याने हे थांबणं ४० मिनिटांचं करा. फोन एकदम बंद ठेवू नका. दिवसभर दाबलेलं रात्री दहा कॉल होऊन बाहेर येतं. त्याला स्पष्ट सांगा : रोज ठरलेल्या वेळी एक फोन. नातं तोडायचा निर्णय सध्या नको.

पण झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली आहे, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा. गोळ्या दिल्या तर गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. मध्येच सोडू नका. जीव नकोसा वाटला तर थांबूच नका, लगेच घरच्यांना सांगा आणि १४४१६ या टेली मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) मोफत क्रमांकावर बोला, रात्रीसुद्धा.