फिटलेले कर्ज पुन्हा फेडले, तर?

प्रश्न : वडिलांनी हयातीत पूर्ण फेडलेले कर्ज, ते ठाऊक नसल्याने, मी पुन्हा फेडले. आता जुनी पावती सापडली आहे. पैसे परत मिळतील का?

उत्तर : मिळायला हवेत. देणे उरलेलेच नसताना चुकून दिलेली रक्कम घेणाऱ्याने परत करावी, हे तत्त्व रोमन कायद्याने ‘कॉन्डिक्टिओ इन्डेबिटी’ या दाव्याच्या रूपाने मान्य केले होते आणि आजही अनेक देशांच्या कायद्यांत ते टिकून आहे. मात्र कर्ज आधीच फिटले होते आणि आपण ते न जाणता पैसे दिले, हे सामान्यतः मागणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. म्हणून मूळ पावती हातची सोडू नका, तिची प्रत जोडून प्रथम लेखी मागणी करा. दाव्याला कालमर्यादा असते, तेव्हा वकिलाचा सल्ला लवकर घ्या.