कार्डाचं कर्ज, एकटीचा पगार आणि कपाटातलं सोनं

जळगावात समुपदेशन करताना एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. "एकटीने लेकरू वाढवतेय. पगार हाती येतो आणि आठवड्यात संपतो. क्रेडिट कार्डांचं देणं वाढतच चाललंय. वसुलीवाला म्हणतो, निम्मे भरा आणि सेटलमेंट करा. करून टाकू का?" विचारणाऱ्या बहुतेक बायाच असतात, अधूनमधून एखादा विधुर बापही असतो. याच अडचणीतल्या एका ताईंची गोष्ट त्यांना विचारून सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताईंचं माहेर अमळनेर तालुक्यातलं, घरी कापसाची शेती. नवरा सुरतला कापडाच्या कारखान्यात. चार वर्षांपासून तो तिकडेच आहे आणि पैसे पाठवणंही बंद. घटस्फोट झालेला नाही, संसारही उरलेला नाही. ताई मुलीला घेऊन जळगावात भाड्याने राहतात, एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये हिशेब लिहितात. पगार २६,००० रुपये. मुलगी नववीत.

मिलचा हिशेब पैशापर्यंत जुळवणाऱ्या या बाईंना स्वतःवर एकूण कर्ज किती आहे ते सांगता येईना. "असतील दोनेक लाख," म्हणाल्या. मला याचं नवल वाटलं नाही. आकडा कागदावर आला की तो खरा होतो, म्हणून माणसं तो कागदावर येऊच देत नाहीत. पुढच्या भेटीला तिन्ही कार्डांची स्टेटमेंट घेऊन या, एवढंच त्या दिवशी ठरलं.

तीन कार्डं निघाली. एकावर १,१२,०००, दुसऱ्यावर ८४,०००, तिसऱ्यावर ४२,०००. एकूण २,३८,०००. व्याज महिन्याला शेकडा साडेतीन, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. ताई दर महिन्याला न चुकता 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरत होत्या, पाच टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ११,९००. आपण नियमित भरतोय, याचा त्यांना थोडा अभिमानही होता. मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडेच दिला. व्याज ८,३३०, जीएसटी १,४९९. भरलेल्या ११,९०० मधून मुद्दलात गेले जेमतेम २,०७१. घरभाडं ६,०००, मुलीच्या क्लासचा हप्ता ३,७५०. सगळं वजा करून महिन्याला राहत होते ४,३५०. त्यात किराणा, गॅस, लाइट, रिक्षा कसं भागणार? मग पुन्हा कार्ड. त्यातही एक गोम असते. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत मिळत नाही. तेलाचा डबा घेतला त्या दिवसापासूनच त्यावर व्याज धावायला लागतं.

तिसऱ्या कार्डाची गोष्ट त्यांनी खालच्या आवाजात सांगितली. ते कार्ड त्या एका दुकानात नेऊन स्वाइप करायच्या. दुकानदार शेकडा अडीच रुपये कापून रोख द्यायचा आणि त्या रोखीतून पहिल्या कार्डाचं मिनिमम भरलं जायचं. याला 'रोटेशन' म्हणतात आणि हे करणारी माणसं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत. बँकेच्या अटींत ते बसत नाही हा भाग वेगळाच. खरा घात असा, की हप्ता चुकलेला कुठे दिसत नाही आणि कर्ज मात्र फुगत राहतं.

हे कर्ज चैनीचं आहे असं वाटतं का? स्टेटमेंटच्या ओळी आम्ही एकेक करून वाचल्या. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. शाळेची फी. भाड्याच्या घराचं डिपॉझिट. मुलीचा फाउंडेशन क्लास. आणि दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमाराला एक मोठा आकडा, साड्यांच्या दुकानाचा. मी विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, आखाजीला माहेरी रिकाम्या हाताने कशी जाऊ? भावजयीला साडी, भाच्यांना कपडे. नाही नेलं तर लोके काय म्हनतीन? नवऱ्याने टाकली, आता भावाच्या जिवावर आली."

खानदेशात आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, काय मोल आहे, ते इथल्या माणसाला सांगायला नको. सासुरवाशीण माहेरी येते, झोके बांधतात, गाणी होतात. त्या चार दिवसांत आपलं बरं चाललंय हे दाखवण्याची किंमत ताई ४२ टक्क्यांनी फेडत होत्या. भावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बहीण दरवर्षी साडी आणते म्हणजे बरं चाललंय, असाच त्याचा समज.

अशा घरांबद्दल माझं एक मत बनलं आहे. दोघांच्या संसारात खर्च करताना कोणीतरी 'आत्ता नको' म्हणतं, अडचणीत कोणीतरी 'मी बघतो' म्हणतं. एकट्या पालकाच्या घरात ती जागा रिकामी असते आणि कार्ड तिथे येऊन बसतं. ते कधी नाही म्हणत नाही, कोणाला सांगत नाही, वर उपकारही बोलून दाखवत नाही. म्हणून नुसती काटकसर शिकवून हे कर्ज फिटत नाही. त्या जागी कोणीतरी खरं माणूस यावं लागतं.

आता सोन्याचं. ताईंकडे पोत आणि बांगड्या मिळून पाच तोळे होते, माहेरचं स्त्रीधन. मी विषय काढताच त्या सावरून बसल्या. "ते पोरीच्या लग्नाचं आहे." जळगावसारख्या सुवर्णनगरीतल्या बाईला सोनं मोडा म्हणणं सोपं नसतं, आणि मी तसं म्हटलंही नाही. मी म्हटलं, तारण ठेवा. कपाटातलं सोनं महिन्याला एक रुपया आणत नाही आणि त्याच कपाटातली स्टेटमेंट महिन्याला जवळजवळ दहा हजार खातात. राष्ट्रीयीकृत बँकेत सोनेतारण कर्ज त्यांना वर्षाला साडेनऊ टक्क्यांनी मिळत होतं. घरी जाऊन त्यांनी दोन आठवडे विचार केला. मग ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाची शाखा निवडली. निवडू द्यावी.

दीड लाखाचं कर्ज झालं. दोन लहान कार्डं त्यातून पूर्ण फेडली, १,२६,००० गेले. उरलेले २४,००० मोठ्या कार्डात भरले. तिथे राहिले ८८,०००. त्याच बँकेला लेखी विनंती करून ती रक्कम २४ महिन्यांच्या हप्त्यात बदलून घेतली, व्याज १८ टक्के. हप्ता जीएसटी धरून साधारण साडेचार हजार. सोन्याचं व्याज महिन्याला बाराशेच्या आत. म्हणजे ११,९०० च्या जागी सुमारे ५,७००, आणि त्यातला कार्डाचा प्रत्येक हप्ता कर्ज खरंच कमी करणारा. घरखर्चाला ४,३५० ऐवजी साडेदहा हजार राहू लागले.

सोनेतारणात जपायचं ते असं. मुदत बहुधा वर्षाची असते. व्याज दर महिन्याला भरत राहायचं आणि जमेल तसं मुद्दलही. वर्षभर गप्प बसलं तर नोटीस येते आणि शेवटी लिलाव. आणि रिकामं झालेलं कार्ड पुन्हा वापरायचं असेल, तर हा मार्ग धरूच नये. मग सोनंही जातं आणि कर्जही उरतं.

म्हणून दोन्ही कार्डं बंद केली. कात्रीने कापलेलं कार्ड बंद होत नाही, वार्षिक फी चालूच राहते. बँकेला बंद करण्याची लेखी विनंती द्यावी लागते. सगळी बाकी भरलेली असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. ताईंच्या एका कार्डाच्या वेळी तो ईमेलमध्ये लिहावा लागला. लिहिल्यावर काम झालं.

वसुलीचे फोन मात्र मधल्या काळात बरेच आले होते, कारण रोटेशन थांबवल्यावर एक मिनिमम हुकलं. एकाने थेट मिलच्या ऑफिसात फोन करून मालकाला सांगितलं. दुसरा म्हणाला, पोलीस घेऊन येतो. ताई रात्रभर झोपल्या नाहीत. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. धमकावणं, चारचौघांत किंवा कामाच्या ठिकाणी बदनामी करणं चालत नाही. फोनच्या वेळा आणि नंबर लिहून बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवायचे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला फी नसते. कार्डाचं बिल थकणं ही दिवाणी बाब आहे, नुसत्या त्यावरून अटक होत नाही. पण वसुलीवाल्याला चेक लिहून दिला आणि तो वटला नाही तर फौजदारी मामला होऊ शकतो. खात्यात पैसे नसताना चेक देऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी.

व्हॉट्सअॅपवर आणखी एक गोष्ट फिरत असते, की ३० टक्क्यांवर कार्डाचं व्याज बेकायदा आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसं म्हटलं होतं खरं, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. त्या भरवशावर बिल अडवू नका.

मुलीला सांगायला ताई शेवटपर्यंत तयार नव्हत्या. "तिच्या डोक्यावर कशाला ओझं?" नववीतल्या मुलीला रकमा सांगू नका, पण काय बदलणार आहे ते सांगा, असं माझं म्हणणं होतं. सांगितलं, तर मुलगी चिडली. पैसे नाहीत म्हणून नाही. "मला तो क्लास नकोच होता, तूच घातलंस." ४५,००० चा क्लास ताईंनी घेतला होता तो बाप नसल्याची भरपाई म्हणून, मुलीला न विचारता. क्लासवाल्यांनी पैसे परत दिले नाहीत. उरलेले हप्ते संपेपर्यंत मुलगी तोंड वाकडं करून जात राहिली. अशी भरपाई मी फार घरांत पाहते, आणि मुलांना ती बहुतेक वेळा नकोच असते.

भावाला फोन ताईंनी माझ्यासमोर केला. तो आधी रागावला, आधी का नाही सांगितलं म्हणून. मग म्हणाला, कापूस विकला की बघतो. ताईंनी पैसे नको म्हटलं. अडीअडचणीला फोन उचल, एवढंच मागितलं. क्लासचे हप्ते संपल्यावर ते ३,७५० रुपये सोन्याच्या मुद्दलात जायला लागले. पहिल्याच महिन्यापासून दुसऱ्या एका खात्यात महिन्याला ५०० ते १,००० बाजूला पडत होते. पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यात ९,००० रुपये उरलेल्या कार्डावर भरावे लागले. पुन्हा त्याच खड्ड्यात पडलो असं वाटून ताई माझ्याकडे आल्या. कार्ड असतं ते अशाच वेळेसाठी. बाजूच्या खात्यातले ५,००० आणि मिलमधून ४,००० उचल घेऊन त्यांनी ती रक्कम मुदतीच्या आत पूर्ण भरली, व्याज लागलं नाही.

उत्पन्नाची दुसरी बाजूही असते. एका पालकाच्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा, निर्णय बालकल्याण समिती घेते. ताईंचा अर्ज तिथे आहे. नवऱ्याकडून पोटगी मागायला त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पण सुरतेच्या त्या माणसाचं तोंड पुन्हा पाहायची त्यांची तयारी अजून झालेली नाही. मी रेटलेलं नाही.

राहिला मूळ प्रश्न, सेटलमेंटचा. ताईंना मी नको म्हटलं. निम्म्यात मिटवलं की सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात त्या खात्यापुढे 'सेटल्ड' लागतं आणि पुढचा बँकवाला ते वाचतो. तीन-चार वर्षांनी मुलीला शैक्षणिक कर्ज लागलं तर सहकर्जदार म्हणून पालकाची सही लागेल. दोघं असतील तर एकाचा अहवाल खराब असला तरी दुसरा उभा राहतो. इथे दुसरं कोणी नाही. ज्यांची नोकरी गेली आहे, सोनं-नाणं काही नाही, घरात आजारपण आहे, त्यांना मात्र मी सेटलमेंट करा असंही सांगितलेलं आहे. बुडत्याने सिबिलची काळजी करू नये.

करायचीच असेल तर फोनवरच्या शब्दावर एक रुपयाही भरू नका. रक्कम, तारीख आणि यानंतर काही बाकी राहणार नाही, हे बँकेच्या पत्रावर आधी घ्या. पैसे वसुलीवाल्याच्या खात्यात किंवा हातात न देता थेट कार्डाच्या खात्यात भरा. नंतर 'नो ड्यूज' पत्र मागा. दोनेक महिन्यांनी आपला पतअहवाल काढून बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात बाकी अजून दिसत असेल तर ते पत्र जोडून लगेच हरकत नोंदवा.