आजीच्या ट्रंकेत जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा सापडल्या. पुण्यात कुठे चालतील किंवा विकता येतील का?

चालणार नाहीत. बँकेत नाही, पोस्टात नाही, रिझर्व्ह बँकेतही नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री रद्द झाल्या, भरायची मुदत ३० डिसेंबरला संपली. 'ओळख आहे, थोडे कापून बदलून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

आता विकण्याचं. माझी आई गेल्यावर तिच्या कपाटात साड्यांच्या घडीतून पाचशेच्या जुन्या नोटांची पुरचुंडी निघाली. एका नोटेच्या नंबरात ७८६ होतं. अशा नोटेला लाखो रुपये मिळतात असा व्हिडिओ माझ्या थोरल्या भावाने कुठेतरी पाहिला होता. त्याने ऑनलाइन जाहिरात टाकली आणि लगेच फोन आला. तीन लाख देतो म्हणे. आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्र आणि वर कमिशन! मी पहिल्या फीलाच म्हटलं होतं, दादा, घेणारा माणूस पैसे देतो, मागत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही आणि असलं कमिशन घ्यायला तिने कुणालाही नेमलेलं नाही. तेही वाचून दाखवलं. 'तुला व्यवहारातलं काय कळतं' एवढंच उत्तर मिळालं. पैसे गेले, तो फोन बंद.

जुन्या बाजारात नाणी मांडून बसणाऱ्या एका काकांना मी नुसतं विचारून आले. ते म्हणाले, 'ताई, या पाचशेच्या नोटा घरोघरी होत्या, त्यांना कोण विचारतो? १९७८ मध्ये रद्द झालेली हजाराची किंवा पाच हजारांची असेल तर बोला.'

भाऊ पैसे बुडाल्याचं विसरला. आईने 'काळा पैसा दडवला' हे मात्र अजून चारचौघांत बोलतो, त्याचा मला संताप येतो. तो पैसा दिवाळीत भाजणी आणि चकल्यांच्या ऑर्डरी घेऊन तिने जमवलेला होता. घरखर्चाच्या एकेका रुपयाचा हिशेब द्यावा लागणाऱ्या बाईने स्वतःचे म्हणून चार पैसे बाजूला टाकले तर ती चोर होते का? तिचं स्वतःचं बँक खातं नव्हतं. नोटबंदीत ते पैसे मुलाच्या खात्यात भरायचे तर आधी मुलाला सांगावं लागलं असतं. तिने नाही सांगितलं, नुकसान सोसलं. अडीच लाखांपर्यंत भरणाऱ्या गृहिणींना विचारणा होणार नाही असं सरकारनेच तेव्हा सांगितलं होतं, म्हणजे भीती कायद्याची नव्हतीच. तुमच्या आजीबद्दलही घरात कुणी असं बोलत असेल तर तिथल्या तिथे गप्प करा.

एक महत्त्वाचं राहिलं, नोटा मोजा. २०१७ च्या कायद्याने दोन्ही किमतींच्या मिळून दहापर्यंतच ठेवता येतात, अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी पंचवीस. त्याहून जास्त सापडल्या तर दंड दहा हजार किंवा नोटांच्या किमतीच्या पाचपट, जो मोठा असेल तो. शिवाय ही सूट बाळगण्यापुरती आहे, देण्याघेण्याला नाही. म्हणजे गिऱ्हाईक मिळालं तरी विकू नका. आमच्याकडे दहापेक्षा जास्त निघाल्या होत्या. वरच्या मी फाडून टाकल्या, भाऊ तेव्हाही ओरडला.

ट्रंकेत दोन हजारांची गुलाबी नोट असेल तर ती वेगळी ठेवा, ती रद्द झालेली नाही. मे २०२३ मध्ये फक्त चलनातून मागे घेतली. पुण्यातल्या बँका आता ती घेत नाहीत. मुंबईत फोर्टला किंवा नवी मुंबईत बेलापूरला रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात जावं लागतं, एका वेळी वीस हजारांपर्यंत बदलून मिळतात. जायचं नसेल तर पोस्टाने पाठवता येतात, पैसे खात्यात जमा होतात. आजी हयात असतील तर खातं त्यांचंच द्या.