पुरावा थांबला की तूही थांब

मित्रा,

तुझ्या बातमीचा मसुदा वाचला. सोशल मीडियावरची चाळीस खाती, दहा मिनिटं, मजकूर एकच. छान पकडलंस. ‘आशिर्वाद’ मात्र सारख्या चुकांच्या यादीतून काढ, अर्धा महाराष्ट्र तसाच लिहितो. पण ‘जिल्ह्याधिकारी’ आणि पूर्णविरामाआधीची मोकळी जागा चाळीसही ठिकाणी तशीच, हा ऐवज आहे. मग शेवटी घसरलास कुठे? ‘हे अमुक पक्षाच्या आयटी सेलचं काम.’ कशावरून रे? खाती संगनमताने चालतात, एवढंच हातात आहे. एवढंच लिही.

खोट्या माहितीचा माग काढणाऱ्या ब्रुसेल्सच्या ईयू डिसइन्फोलॅब या संस्थेचे अहवाल पुन्हा वाच. २०१९ मध्ये ‘ईपी टुडे’ या एका संकेतस्थळावरून सुरुवात झाली आणि ६५ देशांत पसरलेली, भारताच्या बाजूने लिहिणारी २६५ बनावट वृत्तस्थळं निघाली. २०२० पर्यंत आकडा ७५० च्या वर, देश शंभराहून जास्त. या जाळ्याने मेलेल्यांची नावंही वापरली: अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक लुई सोन वारले २००६ मध्ये, आणि २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत त्यांची हजेरी! डोमेन, सर्व्हर, पत्ते तपासत लॅबची मंडळी दिल्लीच्या श्रीवास्तव ग्रुप या खासगी उद्योगसमूहापर्यंत पोचली. तिथून भारत सरकारकडे बोट दाखवणं किती सोपं होतं! पण तो धागा सापडला नव्हता, म्हणून दाखवलं नाही. पुरावा थांबला, तेही थांबले. अहवाल टिकला तो त्यामुळेच.

मलाही संपादक म्हणाले होते, नाव घाला, गाजेल. नाही घातलं. बातमी आतल्या पानावर गेली, सहकाऱ्यांनी घाबरट ठरवलं. त्या पानाची खंत आजही आहे. नाव गाळल्याची तसूभरही नाही, आणि कुणी पुन्हा विचारलं तर पुन्हा गाळीन.

तुला हा म्हातारीचा हट्ट वाटेल. वाटू दे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, मुलं पळवणारी टोळी समजून. त्या वर्षी देशभर फिरलेला, मूल पळवल्याचं दाखवणारा एक व्हिडिओ कराचीच्या संस्थेने जनजागृतीसाठी केला होता. मूल परत सोडल्याचा भाग कुणीतरी कापला. जमावालाही खात्रीच होती. तुझ्या शेवटच्या वाक्यात मला तीच खात्री दिसते, म्हणून एवढी चिडले.

असो. आज रात्रीच सगळ्या पोस्ट वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर, जपून ठेव. खात्याचं नाव बदलतं, ओळख क्रमांक बदलत नाही. तो टिपून घे. मगच खाती चालवणाऱ्यांची बाजू विचार, नाहीतर तुझा प्रश्न पोचताच सगळं पुसतील. शेवटचं वाक्य काढून मसुदा पाठव. फोन संध्याकाळी कर, दुपारी मी झोपते.