पितूरी, फितुरी आणि गाय फॉक्स

निपाणीच्या एका वाचकांचा प्रश्न: मुलगी कन्नड माध्यमात शिकते. तिच्या वहीत इंग्लंडचं पार्लमेंट उडवायला निघालेल्या गाय फॉक्सच्या प्रकरणाला 'पितूरी' म्हटलंय. मराठीत सांगताना 'फितुरी' चालेल ना?

नाही चालणार. दोन्हींचं मूळ अरबी 'फुतूर', म्हणजे शैथिल्य, बिघाड. पण हिंदीत त्याचं डोक्यातलं खूळ झालं आणि तेलुगू मुलखात उठाव. १८७९ सालच्या आदिवासी उठावाचं नावच 'रंपा फितुरी'. कन्नडात पितूरी म्हणजे गुप्त कट. मराठीत मात्र फितूर होतो तो आपला माणूस: पूर्वी किल्लेदार व्हायचा, हल्ली कोर्टात साक्षीदार होतो.

आता प्रकरण बघा. इंग्लंडात पहिला जेम्स गादीवर आला, तरी कॅथलिकांचा जाच सुटेना. तेव्हा रॉबर्ट केट्सबीनं बेत केला, की ५ नोव्हेंबर १६०५ ला पार्लमेंट भरलं की राजासकट ते उडवून द्यायचं. सभागृहाखालची कोठी भाड्यानं घेतली, ३६ पिंपं भरून बंदुकीची दारू ठेवली, वर सरपण आणि कोळसा रचला. राखणीला फॉक्स. हा झाला कट.

फितुरी यातही आहे, पण कटवाल्यांच्या गोटातली असावी. २६ ऑक्टोबरला लॉर्ड माँटिगलच्या हाती निनावी चिठ्ठी पडली: पार्लमेंटला येऊ नका. त्यानं ती सरकारात पोचवली आणि ऐनवेळी झडती होऊन फॉक्स सापडला. चिठ्ठी लिहिल्याचा संशय कटातल्याच फ्रान्सिस ट्रेशमवर. तो माँटिगलचा मेहुणा. सिद्ध काही झालं नाही.

'बंड'ही नको. बंड उघड पुकारतात, कट आतल्या आत शिजतो. केट्सबीनं पळताना बंडाचीही खटपट केली, पण माणसं जमेनात. वर भिजलेली दारू शेकोटीपुढं वाळवायला पसरली, ती पेटून त्याचेच लोक होरपळले. आपल्याकडचं सांगायचं, तर संगोळ्ळी रायण्णांनी कंपनी सरकारविरुद्ध केलं ते बंड. त्यांना पकडून दिलं ती फितुरी. १८३१ मध्ये नंदगडला त्यांना फाशी झाली.

'षड्यंत्र' चुकीचं नाही, पण ते हिंदी बातम्यांतून फार बोकाळलंय. 'कट' पुरतो. फक्त 'दारूचा कट' लिहू नका, खानापूरकडच्या वाचकाला गोव्याहून येणारा माल आठवायचा. 'पार्लमेंट उडवण्याचा कट' लिहा. कन्नडच्या पेपरात मुलीनं 'पितूरी'च लिहावं, तिथं तेच बरोबर आहे.